रंग निवडतो कोण, भोगतो कोण?

कापडाच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. रंग गेला की दोष रंगरेजावर, शिलाई उसवली की दोष टेलरवर, आणि नाल्याला रंगीत पाणी दिसले की नोटीस रंगाईवाल्याच्या दारावर. पण ज्याने आधी टेबलाशी बसून हा रंग, हे सूत आणि हा कट ठरवला, त्याचे नाव कुठेच येत नाही. त्याला आजकाल डिझायनर म्हणतात. त्याचा पगार चांगला असतो, फॅशन शोमध्ये त्याला टाळ्या मिळतात, पण हिशेब द्यायची वेळ आली की तो हजर नसतो.

पर्यावरणाचा सवाल नाल्यापासून सुरू होत नाही, नमुन्यापासून सुरू होतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणून जबाबदारीही नमुना ठरवणाऱ्यापासून सुरू झाली पाहिजे. हा विषय मोठ्या शहरांतल्या शिकलेल्या लोकांचा आहे, आपला काय संबंध, असे आपल्या व्यापारी बंधूंना वाटेल. संबंध आहे, आणि तो आपल्या रोजीशी आहे. तोच मुद्दा आम्ही येथे मांडत आहोत.

आपल्या तालुक्यांना याचे काय?

बारामती आणि इंदापूर हे पाण्यावर उभे राहिलेले तालुके आहेत. बारामती शहर कऱ्हेच्या काठी. कऱ्हा पुढे सोनगावजवळ नीरेला मिळते आणि नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. इंदापूर तालुका या दोन नद्यांच्या मधोमध आहे. एका बाजूला नीरा डावा कालवा, दुसऱ्या बाजूला १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचे पाणी. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. त्याच उजनीचे पाणी सोलापूर शहर पिते. वरच्या माणसाने काय सोडले, हे खालच्या माणसाला भोगावे लागते, ही गोष्ट इंदापूर-भिगवणच्या लोकांना कुणी शिकवायला नको.

दुसरी गोष्ट मिठाची. नीरा कालव्याखालच्या बागाईतदारांना क्षारपड जमीन म्हणजे काय ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यासह नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवर १९१० साली पुस्तिका प्रसिद्ध केली होती. म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ या भागात मीठ हा जमिनीचा दुश्मन मानला गेला आहे. पाणी आटते, रंग उडतो, वास जातो. मीठ मात्र जागेवर राहते. हे लक्षात ठेवावे, पुढे कामाला येईल.

तिसरी गोष्ट धंद्याची. केंद्र सरकारने २००५ साली एकात्मिक वस्त्रोद्योग पार्कची योजना काढली, तिच्यातून बारामतीच्या एमआयडीसीत हायटेक टेक्सटाईल पार्क उभे राहिले. गावोगावच्या बायका तिथे शिवणकामाला जातात. शिवणकामाला पाणी थोडे लागते, हे खरे. पण शिवायला आलेल्या कापडावर रंग कुठेतरी, कुणाच्या तरी नदीकाठी चढलेला असतोच. आपल्या दुकानात येणारा प्रत्येक तागा अशीच एखादी नदी ओलांडून येतो.

नमुन्यात काय काय ठरते?

रंगाचेच उदाहरण घेऊ. सुती कापडावर आज बहुतेक रिअॅक्टिव्ह जातीचे रंग वापरतात. हा रंग सुताला धरावा म्हणून पाण्यात मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट घालावे लागते. फिक्या रंगाला लिटरमागे २० ते ३० ग्रॅम पुरते, गडद रंगाला ६० ते १०० ग्रॅम लागते. आता हिशेब करा. १०० किलो कापड, दहापट पाणी धरले तर १,००० लिटर. फिक्या रंगाला २० ते ३० किलो मीठ. गडद काळ्या, गडद निळ्या किंवा लाल रंगाला ६० ते १०० किलो मीठ. म्हणजे जवळजवळ कापडाच्या वजनाइतके मीठ! यातला कणभरही कापडात राहत नाही, सगळे पाण्याबरोबर बाहेर पडते. शिवाय रंगाचाही काही भाग सुताला न धरता वाहून जातो. साध्या शुद्धीकरण यंत्रणेत रंग आणि गाळ काढता येतो, मीठ निघत नाही. ते काढायला आर.ओ. आणि पाणी आटवण्याची महागडी यंत्रणा बसवावी लागते. मोरपंखी-फिरोजी रंगाची तर आणखी अडचण. त्या जातीच्या बऱ्याच रंगांत तांबे असते, रंग सुताला कमी धरतो आणि सांडपाण्यातून काढायलाही त्रास देतो.

एवढा फरक कुणी केला? रंगरेजाने नव्हे. शेड कार्डवर बोट ठेवणाऱ्याने केला.

तसेच सुताचे. निव्वळ सुती कापड जुने झाले की पोतेरे होते, वाकळेत जाते, शेवटी कुजून माती होते. निव्वळ पॉलिस्टर वितळवून पुन्हा कामाला आणता येते. पण दोन्ही मिसळून वर थोडा लायक्रा घातला की वेगळे करणे मोठे अवघड. ते ना धड कुजत, ना धड वितळवता येत. मिश्रण मजबुतीसाठी असेल तर समजू शकते. नुसत्या झुळझुळीतपणासाठी केले असेल तर तो कचऱ्याचा सौदा आहे.

तसेच कटाईचे. फर्मे एकमेकांत नीट बसले नाहीत तर शंभर मीटरमागे साधारण दहा ते पंधरा मीटर कापड टेबलावरच चिंध्या होते. उलट साडी, लुंगी, चादर, दुपट्टा पाहा. मागावरून उतरले की अंगावर. कात्रीला काम नाही. हाजी लोकांचे एहराम तर दोन पांढऱ्या चादरी, ना रंग, ना शिलाई. जुन्या लोकांनी वस्त्राची घडणच अशी केली की वाया काही जाऊ नये.

आणि शिवणातली माया. जुना टेलर मुलाच्या पँटला, मुलीच्या कमीजला शिवणात दोन बोटे माया ठेवत असे. पोर वाढले की उसवून सैल करायचे, आणखी दोन वर्षे निघायची, मग धाकट्याला घालायचे. आजच्या रेडीमेड शाळेच्या ड्रेसमध्ये ओव्हरलॉकने माया कापूनच टाकलेली असते. कापड मजबूत असूनही जूनमध्ये नवा ड्रेस घ्यावा लागतो. हाही कुणीतरी घेतलेला निर्णयच आहे. एक इंच कापड वाचवण्यासाठी त्याने अख्खा ड्रेस कचऱ्यात घातला.

बुरख्याच्या आणि शादीच्या मालावर गोंदाने चिकटवलेले खडे आणि टिकल्या दुसऱ्या धुण्याला मोरीत जातात, आणि उरलेले कापड कुणी भंगारातही घेत नाही. टाक्याने लावलेले काम उसवून दुसऱ्या कापडावर चढवता येते. गोंद कुणी निवडला? तोच, नमुना ठरवणारा.

तिरुपूरचा धडा

तामिळनाडूतले तिरुपूर बनियन-टीशर्टसाठी सगळ्या जगात मशहूर. तिथल्या रंगाई कारखान्यांचे पाणी नोय्यल नदीत जात होते. त्या नदीवर शेतीसाठी ओरथुपालयम धरण बांधले, पण त्यात रंगाईचे खारे पाणी साचू लागले. ज्यांच्यासाठी धरण झाले त्याच शेतकऱ्यांना ते पाणी नकोसे झाले. शेतकरी कोर्टात गेले. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास हायकोर्टाने सातशेहून अधिक रंगाई-ब्लीचिंग युनिटे बंद करण्याचा हुकूम दिला.

शेतकऱ्यांचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. त्यांची जमीन गेली होती. कोर्टाचेही चुकले असे म्हणत नाही. आमचा सवाल एवढाच आहे की कुलूप कुणाला लागले? रंगाईवाल्याला. बेकार कोण झाले? हजारो मजूर. ज्यांनी दूर परदेशातल्या ऑफिसात बसून एका हंगामात अमुक गडद छटा, दुसऱ्या हंगामात तमुक छटा मागितली, त्यांच्या एकाही टेबलाला कुलूप लागले नाही. त्यांनी दुसऱ्या गावाला ऑर्डर दिली आणि मोकळे झाले. इचलकरंजीत पंचगंगेच्या पाण्यावरून वर्षानुवर्षे वाद चालत आला आहे, तिथेही बोट दाखवले जाते ते प्रोसेसिंगवाल्यांकडे.

मालेगाव असो, भिवंडी असो, मागावर आणि रंगाच्या हौदावर आपल्या समाजाचे लोक मोठ्या संख्येने आहेत. नमुन्याच्या टेबलावर मात्र थोडे. म्हणून हा सवाल आपल्या पोटाचा आहे. निर्णय एकाचा आणि सजा दुसऱ्याला, ही व्यवस्था चालू राहिली तर सजा आपल्याच वाट्याला येणार.

कायदा येतो तेव्हा

काही लोक म्हणतात, कायदा येईल तेव्हा पाहू. कायदा येतो तेव्हा तो आधी कळवत नाही. जर्मनीने १९९४ साली काही अॅझो रंगांवर बंदी घातली, कारण ते फुटल्यावर त्यांतून कॅन्सरचा धोका असलेली द्रव्ये निघतात. आपल्या केंद्र सरकारनेही १९९७ साली अशा रंगांच्या हाताळणीवर बंदी आणली. ज्यांचा सगळा माल त्याच रंगांवर होता, त्यांना एकदम नवा रंग शोधावा लागला.

आता तेच मोठ्या प्रमाणावर येत आहे. युरोपीय संघाने २०२४ साली टिकाऊ मालाच्या आराखड्याचा कायदा केला. माल किती टिकेल, दुरुस्त होईल का, पुन्हा वापरता येईल का, हे डिझाईन करतानाच पाहिले पाहिजे, हा त्याचा गाभा. न विकलेले कपडे आणि पादत्राणे नष्ट करायला मोठ्या कंपन्यांना १९ जुलै २०२६ पासून मनाई, अशी तारीखही त्यात घातली आहे. बारामतीत शिवलेला कपडा उद्या परदेशी जाणार असेल, तर हे सवाल शिलाई करणाऱ्यापर्यंत येणारच. तेव्हा कागद भरण्याचे काम आपल्यावर आणि नमुना ठरवण्याचा हक्क दुसऱ्याकडे, असे होऊ देता कामा नये.

आपल्या कारीगरांची विद्या

ही नवी गोष्ट परदेशी लोकांनी शोधून काढली, असेही समजू नये. कच्छमध्ये धमडका गावचे खत्री लोक पिढ्यान्‌पिढ्या अजरख छापत आले. नीळ, मंजिष्ठा, हिरडा, डाळिंबाची साल, लोखंडाचा गंज आणि गूळ, हे त्यांचे रंगाचे सामान. मध्यंतरी रासायनिक रंग आले तेव्हा ही विद्या मागे पडली. १९७० च्या दशकात मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी ती पुन्हा उभी केली. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर धमडक्याचे पाणी बदलले, त्यात लोह वाढले आणि रंग नीट येईना. तेव्हा अनेक घरांनी भुजजवळ नवे गाव वसवले, अजरखपूर. पाण्यासाठी गाव बदलणारे हे कारीगर! त्यांच्यापैकी इस्माईल मोहम्मद खत्री यांना इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. रंगाच्या हौदाशी उभा असलेला माणूसच तिथे नमुनाही ठरवतो, म्हणून त्याला पाण्याची किंमत कळते.

सगळ्यांनी नीळ आणि मंजिष्ठा वापरावी, असे आमचे म्हणणे नाही. बाजारात लागणारा सगळा माल तसा निघणार नाही, आणि गरिबाला तो परवडणारही नाही. घ्यायची ती त्यांची अक्कल.

आपल्या गावातले नदाफ-पिंजारी बंधू पाहा. कापसाची गादी दबली की उसवायची, कापूस पिंजायचा, थोडा नवा घालायचा, गादी पुन्हा नवी. एक गादी दोन पिढ्या चालते. फोमची गादी दबली की फेकायची. तिला पिंजता येत नाही. नदाफाचा धंदा फोमच्या स्वस्ताईने बसला असे म्हणतात. आम्हाला वाटते, एकदा दबले की फेकायचे अशा घडणीने तो बसवला. दुरुस्तीच होऊ नये असा माल बाजारात आला की दुरुस्ती करणाऱ्याची रोजी जाते. पर्यावरण आणि कारीगराची रोटी, या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

“गिऱ्हाईक मागते ते देतो”

डिझायनरला विचारले तर तो म्हणेल, कंपनी सांगते ते करतो. कंपनी म्हणेल, व्यापारी उचलतो ते बनवतो. व्यापारी म्हणेल, गिऱ्हाईक मागते ते देतो. आणि गिऱ्हाईक म्हणेल, दुकानात होते ते घेतले. अशी ही साखळी गोल फिरते आणि जबाबदारी कुणाच्याच हातात राहत नाही.

यात गिऱ्हाइकाचे हात सर्वांत बांधलेले आहेत. त्याला रंगात किती मीठ गेले ते दिसत नाही, शिवणात माया आहे की नाही हेही तो उसवून पाहत नाही. हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि आत ओल लागली, तेव्हा विक्रेत्याला त्यांनी सक्त समज दिली, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. दिसत नाही असा दोष झाकून विकू नये, हा तिचा सबक. कापडाच्या आतली ओल आज अशीच झाकलेली आहे.

परवडत नाही, हा दुसरा आक्षेप. त्यात तथ्य आहे. सुरतेच्या स्वस्त मालासमोर एक-दोन रुपयांनी सौदा जातो, हे आम्ही रोज पाहतो. पण आम्ही वर सांगितलेल्या गोष्टींत महाग अशा किती आहेत? फर्मे नीट बसवले तर पैसे वाचतात. गडद रंगाऐवजी मध्यम छटा घेतली तर रंग आणि मीठ दोन्ही वाचतात. एक इंच मायेला कापड लागते खरे, पण “दोन वर्षे चालेल” म्हणून सांगता आले तर खेड्यातला बाप चार पैसे आनंदाने जास्त देईल. महाग आहे ते शुद्धीकरण. आणि महाग आहे म्हणूनच आधी घाण कमी करावी, ती कमी करणे नमुन्याच्या वेळीच शक्य असते.

नमुना ठरवणारे आपणही आहोत

एक गोष्ट कडवी असली तरी बोलली पाहिजे. डिझायनर म्हणजे फक्त मुंबई-दिल्लीचा नव्हे. बारामतीच्या पेठेत बसून शेड कार्डवर बोट ठेवणारा व्यापारी, इंदापुरात शाळेच्या ड्रेसचा फर्मा काढणारा कटिंग मास्टर, बुरख्यावर काय लावायचे ते ठरवणारा कारखानदार, हे सगळे आपल्या जागी डिझायनरच आहेत. ज्याच्या हाती निवड, त्याच्या गळ्यात हिशेब.

आपल्या दीनमध्ये इस्राफची, म्हणजे उधळपट्टीची, सक्त मनाई आहे. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये अशी ताकीद आहे. वजूच्या लोट्याला जो नियम, तो रंगाच्या हौदाला नाही काय? पाणी आपल्याकडे अमानत आहे. नीरेच्या आणि भीमेच्या खालच्या बाजूला बसलेल्या माणसाचा तिच्यावर हक्क आहे, मग तो कुठल्याही मजहबचा असो.

तेव्हा आमच्या सूचना अशा:

एक, ऑर्डर देताना नमुन्याबरोबर एक चिठ्ठी मागावी आणि द्यावी. सूत कोणते, मिश्रण किती, रंग कोणत्या जातीचा, कटाईत वाया किती, शिवणात माया किती, आणि गोंद की टाका. सहा ओळींची चिठ्ठी. तिच्यावर नमुना ठरवणाऱ्याची सही असावी. उद्या नोटीस आली तर रंगरेज एकटा उभा राहणार नाही.

दोन, ज्या कंपनीने गडद छटा मागितली तिने तिच्या शुद्धीकरणाचा खर्च दरात वेगळा दाखवून द्यावा. हे एकट्या रंगाईवाल्याने मागितले तर त्याची ऑर्डर जाईल. संघटनेने मागितले तर ऐकावे लागेल.

तीन, शाळेच्या ड्रेसला माया ठेवण्याची अट शाळांनीच घालावी. आपल्या उर्दू शाळांनी यात पहिले पाऊल टाकावे. पालकांची दुआ मिळेल.

चार, चिंध्या जाळू नयेत, सुती आणि मिश्र वेगळ्या ठेवाव्यात. वेगळी केलेली चिंधी विकली जाते, मिसळलेली कचऱ्यात जाते.

पाच, आणि ही सर्वांत मोठी. आपल्या हुशार मुलामुलींना डिझाईन शिकायला पाठवा. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था १९६१ पासून आहे, १९८६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेची शाखा मुंबईतच आहे. कच्छमध्ये तर २००५ साली खास कारीगरांसाठी डिझाईनचे विद्यालय सुरू झाले. रंगरेजाचा मुलगा, नदाफाची मुलगी त्या टेबलावर जाऊन बसली, तर शेड कार्डवर बोट ठेवण्याआधी तिला बापाच्या हाताचा रंग आठवेल.

मोठ्या कंपन्यांना आपण आज बदलू शकणार नाही. पण दिवाळी-ईदच्या खरेदीसाठी बाजारात जाल तेव्हा एवढे करा: नमुना हातात घेतल्यावर भाव विचारण्याआधी विचारा, हा रंग कुठल्या पाण्यात चढला आणि हे कापड शेवटी जाणार कुठे? दहा व्यापाऱ्यांनी विचारले तर दलाल उत्तर शोधून आणील. शंभरांनी विचारले तर नमुनाच बदलेल. बारामती आणि इंदापूरच्या व्यापारी बंधूंनी आपल्या पुढच्या बैठकीत या चिठ्ठीचा विषय घ्यावा, अशी आमची विनंती आहे.